बाळाचे गाव पाहायला आलेले पाहुणे

आमचे कोल्हापूर हे पाहुण्यांचे गाव. अंबाबाईच्या दर्शनाला बारा महिने माणूस येतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आलेला माणूस गुलालाने माखून परत जातो. गुळाच्या सौद्याला व्यापारी येतात, खासबागेत कुस्तीचे शौकीन येतात, आणि पन्हाळ्याला जाता-जाता तांबडा-पांढरा रस्सा ओरपून जाणाऱ्यांची तर गणतीच नाही. या सगळ्यांना काय दाखवावे, हे इथल्या रिक्षावाल्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे.

आज मात्र मी आपल्याला एका निराळ्या पाहुण्याविषयी सांगणार आहे. हा पाहुणा क्वचित येतो. दूरदेशाहून येतो, आठ-पंधरा दिवस राहतो आणि गाव पाहत हिंडतो. हिंडताना दर दहा मिनिटांनी त्याचा हात खिशातल्या फोनकडे जातो. देवळाच्या शिखराकडे तो पाहतो खरा. पण देवळाबाहेर फुगे विकणाऱ्या बाईकडे आणि तिच्या कडेवरच्या पोराकडे जास्त वेळ पाहतो. हे बहुधा एक जोडपे असते. दत्तक घ्यायचे मूल याच गावातल्या संस्थेत असते आणि कागदपत्रे पुरी होण्याची वाट पाहत ही माणसे गावात दिवस काढीत असतात.

आता कोणी म्हणेल, वाट पाहायची कशाला? मूल ठरले, ते घ्यावे आणि जावे! परंतु हे काम इतके सोपे नाही, आणि ते सोपे नाही हेच बरे आहे. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांच्या नावाखाली गैरप्रकार होत आहेत, लांबच्या प्रवासात मुलांचे हाल होत आहेत, तिकडे गेल्यावर कित्येकांना कोणी विचारीत नाही, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ च्या फेब्रुवारीत सविस्तर निकाल दिला. परदेशी दत्तक देताना काय काय पाहिले पाहिजे, याची घडी त्या निकालाने बसवली. पुढे १९९० साली केंद्र सरकारने यासाठी एक स्वतंत्र यंत्रणा उभी केली. तिला आज सर्वजण ‘कारा’ म्हणून ओळखतात. देशादेशांतल्या दत्तकाविषयी १९९३ साली हेग येथे जो करार झाला, तो भारताने २००३ साली मान्य केला. २०१५ चा बाल न्याय कायदा सध्या लागू आहे, आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश देण्याचे काम कायद्याने न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले आहे.

म्हणजे असे पाहा. आधी त्या जोडप्याची त्यांच्या देशात चौकशी. घर कसे आहे, मिळकत किती, प्रकृती कशी, शेजारीपाजारी काय म्हणतात, हे सगळे कागदावर. मग मुलाची माहिती त्यांच्याकडे जाते. ती मान्य केल्यावर काराचे ना-हरकत पत्र. मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग नव्या आईबापांच्या नावाचा जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग त्यांच्या देशाचा व्हिसा. यातला एखादा कागद जरी मागे राहिला, तरी माणसे आपली बसून आहेत. रोज थोडा वेळ संस्थेत मुलाबरोबर घालवायचा. त्याला आपली सवय व्हावी, आपल्याला त्याची व्हावी. उरलेला दिवस काढायचा कसा? तर गाव पाहून.

अशा एका जोडप्याबरोबर मी दोन दिवस हिंडलो. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले, “सर, तुम्हांला इंग्रजी येते, गावाचीही माहिती आहे, जरा फिरवून आणा. नुसती खोलीत बसून राहिली तर माणसे काळजीनेच आजारी पडतील.” ती माणसे कोणत्या देशाची, मूल कोणते, याविषयी मी काही बोलणार नाही. अशा मुलाची ओळख उघड करू नये असे कायदाही सांगतो आणि सभ्यताही.

पहिल्या दिवशी मी आपला नेहमीचा कार्यक्रम आखला होता. अंबाबाईचे देऊळ, नवा राजवाडा, टाउन हॉलचे वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी रंकाळा. देवळात त्यांना किरणोत्सव समजावून सांगितला. वर्षातून दोनदा, जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरात, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून सरळ आत येतात आणि देवीच्या पायांपासून चढत-चढत मुखापर्यंत जातात. कित्येक शतकांपूर्वीच्या बांधकामात दिशा किती नेमकी साधलेली आहे, वगैरे. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “इथली मुले हे पाहायला येतात का? कुणाबरोबर येतात?” मी म्हणालो, “आजीबरोबर येतात, बहुतेक.” ते त्यांनी वहीत लिहून घेतले.

टाउन हॉलच्या संग्रहालयात एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसेल. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी म्हणून टेकाड आहे, तिथे गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात ज्या जुन्या वस्तू निघाल्या त्यांत ती सापडली. मूर्ती आहे पोसायडन या देवाची. हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव. रोमशी आपल्या दख्खनचा व्यापार चालत असे त्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांमागे, ती समुद्र ओलांडून आणि घाट चढून इथवर आली. ते गृहस्थ मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग हसून म्हणाले, “हे बरे झाले. म्हणजे इतक्या लांबचा प्रवास करणारे आमचेच मूल पहिले नाही.”

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या ध्यानात आले, की मी दाखवतो आहे ते एक आणि यांना पाहायचे आहे ते दुसरे. मी राजवाडे दाखवीत होतो, आणि ते एका मुलाचे गाव शोधीत होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कार्यक्रम ठरवलाच नाही. म्हटले, तुम्ही म्हणाल तिथे जाऊ.

सकाळी लवकर गंगावेशीत गेलो. तिथे म्हशी उभ्या असतात आणि डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध पेल्यात घालून देतात, हे आपल्याला माहीत आहे. फेसाळ दुधाचा पेला हातात धरून बाई विचारीत होत्या, “लहान मुलांनाही हेच देतात?” गवळी म्हणाला, “द्यायचं न्हाई तर काय! ह्याच्यावरच तर पैलवान झाल्यात सगळी.” ते मी भाषांतर करून सांगितले, आणि तेही वहीत गेले.

तिथून आमच्या शिवाजी पेठेत आलो. एका तालमीच्या कट्ट्यावर एक वयस्कर वस्ताद बसले होते. त्यांनी हाक मारली, “काय वो मास्तर, पाव्हणं कुठलं?” मी थोडक्यात सांगितले. त्यांनी दोघांकडे नीट पाहिले आणि मला म्हणाले, “पोर न्यायला आल्यात, मग गाव कशापायी बघत हिंडत्यात?” मी म्हणालो, “पोराचं गाव म्हणून बघतात.” वस्ताद क्षणभर गप्प बसले. मग उठलेच. “मग त्यास्नी तालीम दावायला नको व्हय?” बाईंनी दारातूनच पाहावे असा तिथला रिवाज, म्हणून त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. वस्तादांनी गृहस्थांना आत नेले, मारुतीपुढे उभे केले, हौद्यातली तांबडी माती चिमूटभर घेऊन त्यांच्या कपाळाला लावली आणि मला सांगितले, “त्यास्नी म्हणावं, पोराला सांगा, तुझ्या बाच्या कपाळाला हितली माती लागलीया.”

मी हे वाक्य त्यांच्या भाषेत नेले, पण ते तितकेसे नीट गेले नाही. तरी गृहस्थांना ते कळले असावे. त्यांनी दिवसभर कपाळ पुसले नाही.

दुपारी बाईंनी एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “हे मूल इथेच राहिले असते, तर कोणत्या शाळेत गेले असते?”

श्रोतेहो, मी पंचवीस-एक वर्षे शिकवतो आहे. इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्यांना जवळच्या एका शाळेपुढे घेऊन गेलो. मधली सुटी झाली होती. मुले डबे उघडून बसली होती, काही नळावर पाणी पीत होती, दोघांची कशावरून तरी मारामारी जुंपली होती आणि एक गुरुजी ती सोडवीत होते. फाटकाबाहेर आम्ही तिघे दहा मिनिटे उभे होतो. फोटो काढायचा नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. घंटा झाली. बाईंनी फोनवर त्या घंटेचा आवाज तेवढा टिपून घेतला.

आता याचे कारण काय? काही काव्य म्हणून ही माणसे हे करीत नाहीत. दत्तक गेलेले मूल मोठे होते. सात-आठ वर्षांचे झाले, की ते एक दिवस विचारतेच, “मी कुठला?” आरशात त्याला आईबापांचे नाक-डोळे दिसत नाहीत. वर्गातली मुले त्याला विचारतात. तेव्हा आईबापांनी काय सांगावे? ‘तू एका संस्थेतला,’ एवढेच सांगितले, तर त्या मुलाच्या आयुष्याची सुरुवात एका कार्यालयात झाली असे होते. पण ‘तू ज्या गावातला, त्या गावात एक मोठे तळे आहे, तिथे संध्याकाळी माणसे भेळ खात बसतात, सकाळी चौकात म्हशीचे दूध मिळते, एका म्हाताऱ्या पैलवानाने तुझ्या बाबांच्या कपाळाला माती लावली, आणि तुझ्या गावच्या शाळेची घंटा अशी वाजते,’ असे सांगितले, तर त्या मुलाला पाय टेकायला जमीन मिळते. जन्मदात्या आईबापांचे नाव त्याला कदाचित कधीच कळणार नाही. गाव मात्र कळू शकते. वाट पाहण्याच्या दिवसांत ही माणसे जे हिंडतात, ते त्या एका प्रश्नाचे उत्तर गोळा करीत हिंडतात.

आणि मोठेपणी त्या मुलाला स्वतः शोध घ्यावासा वाटला, तर कायद्याने त्याची वाटही ठेवली आहे. आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अठरा वर्षे पुरी झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. मात्र जन्मदात्रीने आपले नाव गुप्त राहावे असे म्हटले असेल, तर तिचाही मान राखला जातो. शोध घेणाऱ्याला कधी माणूस सापडतो, कधी नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. दत्तक ही गोष्ट कोल्हापूरकरांना कोणी बाहेरून येऊन शिकवावी अशी नाही. करवीरच्या गादीवर ओळीने तीन राजे दत्तक आलेले आहेत. १८६६ साली राजाराम महाराज दत्तक आले. त्यांच्यानंतर १८७१ साली शिवाजी महाराज, म्हणजे चौथे शिवाजी. आणि १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज झाले.

यशवंतरावांचे वय त्या दिवशी किती होते? जन्म २६ जून १८७४ चा. म्हणजे नऊ वर्षे पुरी होऊन दहावे चालू होते. जन्मदात्री आई राधाबाई ते तीन वर्षांचे असतानाच वारल्या होत्या. नऊ वर्षांचे, आईविना वाढलेले मूल नव्या घरात आले. त्या मुलाने पुढे बहुजनांसाठी वसतिगृहे काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल १९१७ साली उचलले, खासबागेचे मैदान बांधले. आज आपण कोल्हापूर म्हणून जे काही अभिमानाने दाखवतो, त्यातले निम्मे या दत्तक मुलाच्या हातचे आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

तत्पूर्वी राजाराम महाराजांची हकीकत ऐका, कारण परक्या शहरात हिंडण्याशी तिचा संबंध आहे. १८७० साली हे तरुण महाराज विलायतेला गेले. तिथे त्यांनी शहरे पाहिली, संस्था पाहिल्या, माणसांना भेटले, आणि पाहिलेले रोजनिशीत लिहून ठेवले. परत येताना इटलीत फ्लॉरेन्स शहरी ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो नदीच्या काठी, जिथे दुसरी एक लहान नदी तिला मिळते त्या संगमावर, हिंदू रीतीने त्यांचे दहन झाले. त्या जागी १८७४ साली छत्री उभारली गेली. खाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. ती छत्री आजही तिथल्या कास्चिने नावाच्या उद्यानाच्या टोकाला उभी आहे. आणि गेल्या शतकाच्या आठव्या दशकात त्या बाजूला नदीवर मोठा पूल बांधला, त्यालाही लोकांनी ‘भारतीयाचा पूल’ असेच नाव ठेवले. रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनला छापली.

यातून घ्यायचे काय, तर एवढेच, की परके गाव पाहणाऱ्याने पाहिलेले लिहून ठेवले तर ते मागे उरते. आणि गावाने परक्याची आठवण जपली तर ते गाव त्याचेही होते. इटलीतल्या एका शहराने कोल्हापूरच्या मुलाची आठवण दीडशे वर्षे जपली. आता आपल्या दारी जी माणसे वही घेऊन येतात, त्यांना आपण काय देतो?

इथे मला थोडे कडू बोलावे लागणार आहे. आपण कृपा करून ऐकून घ्यावे.

परदेशी कोणती मुले जातात, हे आपल्याला ठाऊक आहे काय? मूल पहिल्याने देशातल्या कुटुंबांना दाखवले जाते. परदेशी राहणाऱ्या भारतीयांनाही संधी असते. ठरावीक मुदतीत कोणी पुढे आले नाही, म्हणजे मग परदेशी कुटुंबाकडे त्याची माहिती जाते. २०२४-२५ या वर्षात देशात कायदेशीर मार्गाने ४,५१५ मुले दत्तक गेली. त्यांपैकी ४,१५५ देशातल्या देशात गेली, म्हणजे बाहेर गेलेली उरली ३६०. आकडा लहान आहे. परंतु ही ३६० बहुतांशी कोणती असतात? कोणाला ऐकू कमी येते. कोणाच्या हृदयाला जन्मतः दोष असतो. कोणी दोघे भाऊबहीण असतात आणि एकमेकांना सोडून जायला तयार नसतात. कोणी सात वर्षांचे असते, कोणी नऊ वर्षांचे.

नऊ वर्षांचे! म्हणजे शाहू महाराज दत्तक आले तेव्हा जेवढे होते, बरोबर तेवढे.

आपल्याकडे दत्तक घेऊ इच्छिणारी माणसे थोडी नाहीत. तीस हजारांहून अधिक कुटुंबे नावे नोंदवून बसली आहेत आणि त्यांना तीन वर्षांहून जास्त थांबावे लागते. परंतु सर्वांना बाळ हवे ते तान्हे, निरोगी, आणि जमल्यास गोरे. ‘मोठे मूल आपल्याला लागेल का? त्याला आधीचे आठवत असेल,’ असे म्हणून आपण मागे सरतो. त्याला आठवत असते हे खरेच आहे. ते काही कोरी पाटी नव्हे. पण ज्या गावाने नऊ वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले, त्या गावाने हे म्हणावे काय? राजाचे ते राजकारण होते, गादीला वारस हवा होता, असे आपण म्हणाल. मान्य. त्या दत्तकात घराची गरज मोठी होती. आजच्या दत्तकात मुलाची गरज मोठी आहे. मग आज आपले मन अधिक मोठे असायला हवे, अधिक लहान नव्हे.

याला आपल्याकडे आधार नाही असेही नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला; तो यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम निघाला. आणि १९५६ च्या दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा आणि स्त्रीने स्वतःच्या अधिकारात दत्तक घेण्याचा मार्ग हिंदू कुटुंबांना खुला झाला. त्याआधी दत्तक म्हणजे मुलगाच. आज दत्तक जाणाऱ्या मुलांत मुलींची संख्या जास्त असते, हा बदल लहान नव्हे. एवढे बदललो, तर आणखीही बदलू.

आता खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांना दोन गोष्टी सांगतो.

पहिली. एखाद्या अडलेल्या मुलीला मूल सांभाळणे शक्य नसेल, तर ते उसाच्या फडात किंवा देवळाच्या पायरीवर ठेवण्याची काही गरज नाही. जिल्ह्याला बालकल्याण समिती असते. तिच्यापुढे जाऊन रीतसर मूल सोपवता येते, नाव गुप्त राहते, आणि मन बदलले तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. रस्ता ठाऊक नसेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. पोलीसपाटील, अंगणवाडीच्या ताई, आशाताई यांनी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. आमच्या कोल्हापुरात बालकल्याण संकुलासारखी संस्था आहे. इतर जिल्ह्यांतही अशा संस्था आहेत.

दुसरी. ‘दवाखान्यातनं परस्पर मिळतंय, कागदाची भानगड न्हाई,’ असे कोणी सांगितले, तर त्या वाटेला जाऊ नये. अनाथ किंवा टाकलेले मूल असे परस्पर घेणे-देणे हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आहे. शिक्षेहून वाईट हे, की असे मूल पुढे कधीही हिरावून घेतले जाऊ शकते. मघाशी मी कागदांची लांबलचक यादी सांगितली. तो एकेक कागद म्हणजे त्या मुलाच्या घराची एकेक वीट आहे.

आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती.

आपल्या वर्गात दत्तक मूल असेल. आपल्याला ठाऊक असेल किंवा नसेल. ‘माझे कुटुंब’ हा धडा आला, की आपण मुलांना सांगतो, जन्मल्यावेळचा फोटो आणा, वंशवेल काढा, तू कोणासारखा दिसतोस ते लिही. बाकीची मुले आनंदाने काढतात. एक मूल गप्प बसते. त्या दिवशी ते पोट दुखते म्हणून घरी राहते. त्याऐवजी आपण म्हणावे, ‘तुझ्या घरात कोण कोण आहे आणि ती तुझी काय काळजी घेतात, ते लिही.’ किंवा, ‘लहानपणचा कोणताही फोटो आण.’ धडा तोच राहतो, पण कोणाचे पोट दुखत नाही. ‘खरी आई’ आणि ‘मानलेली आई’ असे शब्द वर्गात येऊ देऊ नयेत. जन्म दिला ती जन्मदात्री. रात्री ताप आल्यावर उशाशी बसते ती आई. आणि एखाद्या पोराने दुसऱ्याला ‘आणलेलं’ म्हणून हिणवले, तर त्याला नुसती छडी दाखवून भागणार नाही. त्याला शाहू महाराजांची गोष्ट सांगावी, आणि महाराजांचे वय सांगायला विसरू नये.

आईबापांनीही मुलाला खरे सांगावे. ते लहान असतानाच, गोष्टीसारखे, हळूहळू. ही गोष्ट घरात लपते. गावात लपत नाही. लग्नाकार्यात, वाटणीच्या भांडणात, कुणाच्या तरी तोंडून ती बाहेर पडते, आणि त्या वेळी मुलाला दत्तक असण्याचे दुःख होत नाही, फसवले गेल्याचे होते.

तर श्रोतेहो, आपल्या गावात कधी असे परदेशी जोडपे हिंडताना दिसले, तर त्यांच्याभोवती घोळका करू नका. ‘कितीला घेतलं?’ असे तर चुकूनही विचारू नका. मूल विकत मिळत नाही, आणि कायद्याने ठरलेले शुल्क पावतीने भरले जाते. त्यांच्या कडेवर आपल्या रंगाचे मूल असेल, तर ‘बिचारं’ म्हणू नका. ते मूल बिचारे नाही; त्याला घर मिळालेले आहे. त्यांना बसायला सांगा. चहा द्या. त्यांनी विचारले तर आपल्या गावाविषयी सांगा. विहीर कोणी बांधली, जत्रा कधी असते, पोरे कुठे पोहायला शिकतात. त्यांच्याबरोबर एखादे अंगाईगीत म्हणणारी म्हातारी बसली, तर फारच चांगले. आवाज टिपून घ्यायला त्यांच्यापाशी यंत्र असतेच. आपण सांगितलेले ते लिहून घेतील, आणि सात समुद्रांपलीकडे एखाद्या रात्री, आपण झोपलेले असताना, ते एका मुलाला वाचून दाखवतील.

त्या मुलाला आपण घर देऊ शकलो नाही. निदान गाव तरी द्यावे. आणि पुढच्या खेपेला संस्थेत नऊ वर्षांचे एखादे मूल वाट पाहत असेल, तर त्याची माहिती समुद्र ओलांडण्यापूर्वी आपल्यापैकी कोणीतरी हात वर करावा.